न कण्हणारा पैलवान

सुमोच्या तालमीत वस्तादानं बांबू हाणला. गेन्ताच्या पोटऱ्या फुटल्या, रक्त मातीत मुरलं, तरी पोरगा डोंगरासारखा उभा. "बघा रे रताळ्यांनो, मार असा खातात!" वस्ताद गरजला. सरावात मानेवर आपटल्यापासून गेन्ता कण्हलाच नव्हता. वस्तादाला वाटलं, बांबूनं पोरगा घडला. स्पर्धेआधीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याखाली हातोडी हलकेच मारली. पाय असा उसळला की बाई स्टुलासकट उलटल्या. "काय ताकद!" वस्ताद हसला. बाई उठल्या. "ताकद नव्हे. मानेत मज्जारज्जू चेपला की पाय असे उडतात. गेन्ता, डोळे मीट. सुई टोचली की सांग." गेन्ताच्या तळपायावर रक्ताचे ठिपके उमटत गेले. "सोसू नकोस रे बाळा, ओरड!" वस्ताद पहिल्यांदाच विनवत होता. मिटल्या डोळ्यांनीच गेन्ता हसला. "ओरडतो ना, वस्ताद. आधी बाईंना टोचू तर द्या."