दोनशे अठरा मासे

करमसिंगने बाटली खडकावर आपटली. स्पिरिटचा वास उडाला. काचांमध्ये तीन पांढरे किडे पडले, तांदळाच्या कणीएवढे.

"हे देख तुन्हा पोरं, किडामास्तर! उचल त्यास्ले!"

भिला हलला नाही. तापीच्या काठावर सारा गाव जमला होता आणि एकही माणूस त्याच्या बाजूने उभा नव्हता. वर बाभळीवर मासेखात्याचा शिपाई पाटी ठोकत होता. डोहात गळ टाकणाऱ्यांपैकी एकट्या भिलालाच ती वाचता येत होती. उद्यापासून दोन वर्षं या डोहात मासेमारी बंद. त्यानेच ती मोठ्याने वाचून दाखवली होती, म्हणून पहिली शिवीही त्यालाच बसली.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर खात्याचा साहेब आला होता. नदीतल्या माशांना कुठला किडा लागतो, याचा शोध चालला होता. काठाकाठाने गळवाल्यांना त्याने वह्या आणि बाटल्या वाटल्या. भिला चाळिशीत प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेला. वही हातात आली तेव्हा तो आठ दिवस ताठ चालला. तारीख, माशाचं नाव, किती वीत, किडा कल्ल्यात की शेपटीशी. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून तो एकेक ओळ कोरायचा. त्याच वहीवरून आता डोह बंद होणार होता.

"साहेबले खुश कराले तूच किडा घाली ऱ्हायंता माशामा!" करमसिंग ओरडला. "मन्हा चार पोरं आते काय वाळू खातीन?"

"एक ओळ खोटी निंघनी, तं माले याच डोहमा बुडाव," भिला म्हणाला. "साहेब, तुम्हीच सांगा यास्ले."

जीपला टेकलेल्या साहेबाने कंटाळून वही उघडली. त्याला उन्हं उतरायच्या आत धुळं गाठायचं होतं.

"वही खरी आहे. दोनशे अठरा मासे आणि दोनशे अठरांना किडा. बाटल्याही जुळतात. इतका नासलेला डोह साऱ्या तापीवर दुसरा नाही."

भिलाने मान वर केली. तो खरा ठरला होता. कुणीतरी त्याच्या पायाशी थुंकलं. त्याची बायको रूपलीबाई रिकामी टोपली घेऊन समोरच उभी होती. तिनेही पाठ फिरवली.

"नासेल?" करमसिंग आता साहेबावरच धावला. "आम्ही रोज खातस याच डोहना मासा. या भिलाना घरना बी खातस. कोनाले दिखना तुन्हा किडा?"

पान उलटता उलटता साहेबाचं बोट थांबलं. त्याने वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

"भिला, किडा नसलेला मासा वर्षभरात तुझ्या गळाला एकदाही लागला नाही?"

भिलाला हा प्रश्नच विचित्र वाटला. एवढा शिकलेला माणूस आणि हे विचारतो!

"लागतस ना, साहेब. रोज टोपलीभर लागतस," तो म्हणाला. "पन किडाच नही, तं वहीमा लिखू काय?"