एकच शब्द

"सव्वीस वर्षं झाली लग्नाला. कधी काही मागितलं तुमच्याकडे?"

कर्नल दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच बायकोकडे पाहिलं. "नाही."

"आज मागते. पोराला आघाडीवरून मागे आणा. तुमच्या एका शब्दाचं काम आहे."

"तिथे आणखी चाळीस आयांची पोरं आहेत."

"त्यांच्या आया त्यांचं बघतील. मी माझ्या पोराचं बोलतेय."

कर्नलांनी वस्तरा धुतला, पुसला, डबीत ठेवला. "मी कुणासाठी शब्द टाकत नाही. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. तिच्या सख्ख्या भावाने आपल्या मुलाच्या भरतीसाठी एक चिठ्ठी मागितली होती. कर्नलांनी दिली नाही. भावाने येणं-जाणं तोडलं, तरी तिने नवऱ्याचीच बाजू घेतली होती. सव्वीस वर्षांत तिने सोळा घरं मांडली आणि सोळा मोडली. मुलगी झाली तेव्हा नवऱ्याची तार आठव्या दिवशी आली. तिने तक्रार केली नाही. तरुण अधिकाऱ्यांच्या बायकांना ती सांगे, "रडायचं तर नळ सोडून रडा. पोरांना ऐकू जाता कामा नये." एखाद्या घरी वाईट बातमी द्यायची असली, की अधिकाऱ्यांसोबत तिलाच नेत. ती दारात उभी राहिली, की आतली बाई काय ते ओळखायची.

तीन आठवड्यांनी तिच्याच दारात दोन अधिकारी उभे राहिले. टोप्या हातात होत्या. त्यांना तोंड उघडावं लागलं नाही. फाटकापासून दारापर्यंतची ती चाल तिच्या ओळखीची होती.

मुलगा चोवीस वर्षांचा होता.

संध्याकाळी कर्नल खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. तिने एवढंच विचारलं, "कुणाशी बोलला होतात?"

त्यांनी खिडकी ओढून घेतली. मग म्हणाले, "नाही."

तिचं त्यांच्याशी ते शेवटचं बोलणं.

मुलगा कुठे गेला, कसा गेला, हे तिने कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे नवऱ्याशी बोलायला हवं होतं. मुलाच्या पलटणीतलं कुणी भेटायला आलं, की ती आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेई. सरकारकडून आलेला लखोटा तिने फोडला नाही.

कर्नल निवृत्त झाले. गावाच्या टोकाला चार खोल्यांचं घर घेतलं. आधी सगळे निरोप मुलीच्या तोंडून जात. "बाबांना सांग, पानं वाढलीत." मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा आई भिंतींशी बोलू लागली. चहा ठेवलाय. औषध संपलंय. पाहुणे येणारेत. कुणासाठी, कुणाला, हे त्या वाक्यांत कधी नसे. जावई एकदा चेष्टेने म्हणाला, "या घरात माणसं दोन, पण बोलतो फक्त रेडिओ." कुणी हसलं नाही.

कर्नलही तिला कधी 'बोल' म्हणाले नाहीत. सकाळी फिरायला जात, येताना तिच्यासाठी भाजी आणत, ओट्यावर ठेवत. मुलीला वाटे, एवढ्या शिस्तीचा माणूस, एकदा चूक कबूल का करत नाही?

शेवटची तीन वर्षं त्यांचं उजवं अंग गेलं होतं. तिने त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. वेळा कधी चुकल्या नाहीत. तोंड मात्र उघडलं नाही.

"आई, आता तरी बोल त्यांच्याशी," मुलगी म्हणाली.

"कशाला? त्यांचं तत्त्व आहे ना सोबतीला."

एका दुपारी ती चादर नीट करत असताना कर्नलांनी वाकड्या झालेल्या ओठांतून कसेबसे शब्द काढले. "तुला... काही विचारायचंय?"

तिने मान हलवली. नाही.

पहारा संपलेल्या माणसासारखे त्यांनी डोळे मिटले. महिन्याभरात ते गेले.

पाचव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. कर्नलांच्या कचेरीतले जुने हेडक्लार्क. मुलीने चहा दिला. आई आपल्या जागी ताठ बसून होती. या वेळी उठून आत जायचा तिला कंटाळा आला होता.

"बाईसाहेब, अंत्यविधीला कुणीतरी म्हणालं, या माणसाने पोटच्या पोरासाठीही शब्द टाकला नाही. मला राहवलं नाही."

"खरंच आहे ते."

"साफ खोटं! टाकला होता. फोन मीच जोडून दिला, ऑर्डर मीच टाइप केली."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मुलगी हातातला ट्रे तसाच धरून उभी राहिली.

"पोर शिखरावरच्या चौकीत होतं. साहेबांनी त्याला खाली आणवलं, पुलाजवळच्या रसदीच्या तळावर. त्याहून सुरक्षित जागा नाही, म्हणाले. पण नशीब! अकराव्या दिवशी शत्रूची विमानं आली ती नेमकी पुलावर. बातमी कळली तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, हे माझ्या घरी कधीही कळता कामा नये. मला वाटलं, तत्त्वाचा माणूस, शरम वाटत असेल. म्हणून इतकी वर्षं तोंड शिवून बसलो. आज सांगून टाकलं. साहेबांवरचा डाग गेला, मी मोकळा झालो."

मुलीने ट्रे टेबलावर ठेवला.

"आणि शिखरावरची चौकी?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "तिकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही, बाईसाहेब. वरची सगळी पोरं धडधाकट घरी आली."