धोंडीबाई बाजूला होत नाही

कमलेशने नवीकोरी घंटी बसवून दिली होती, तरी रविना ती वाजवेना. पुढे फुटपाथच्या मधोमध धोंडीबाई चालत होती, डोक्यावर भाजीची पाटी. तिच्या पाठीला चिकटल्यासारखी रविनाची सायकल रांगत होती.

"वाजव की गं," सायकल दुरुस्तीच्या दुकानातून कमलेश म्हणाला. "का शोभेला लावली?"

रविना नुसती हसली आणि हँडल डुलवत मागेच राहिली.

जव्हारचा हा फुटपाथ नवा. खाली रस्त्यावर एसटी आणि खडीचे ट्रक, म्हणून रविनासारख्या वसतिगृहातल्या मुली सायकली वरूनच नेत. लोकांनीही ते चालवून घेतलं होतं. घंटी ऐकली की कचेरीतले कारकून मोबाईलमधून मान न काढता भिंतीला लागत, बायका पदर सावरून कडेला होत. बाजूला होत नसे ती एकटी धोंडीबाई. उलट ती मध्येच थांबे, पाटी सावरी, चपलेतला खडा काढी.

कमलेशने एकदा तिला हटकलंच. "आजी, जरा सरका ना. पोरीची शर्यत आहे."

"माहीत आहे मला. म्हणून तर मधून चालते."

"हे काय बोलणं झालं?"

"आम्ही मोखाड्याच्या वाटेनं मोळ्या विकायला यायचो, तवा फुटपाथ नव्हता. मोटार आली का मोळीसकट चिखलात उतरायचं. लई उतरले. आता नाय उतरायची." मग मागे वळून ती रविनाला म्हणाली, "आणि तू गं, पाय टेकलास तर सायकल हातात धरून चालत यायचं. ही चालणाऱ्यांची वाट आहे."

म्हातारीचा तोरा कमलेशला समजत होता. पण त्याचं दुखणं वेगळं होतं. रविना दाभोशाची, तोही दाभोशाचाच. शाळेत असताना इथल्याच मैदानावर सायकलच्या शर्यतीत तो सगळ्यांच्या मागे राहिला होता. गावची माणसं अजून त्याला 'शेवटून पहिला' म्हणत, भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर. त्या मैदानावरच्या भोंग्यातून एकदा तरी दाभोशाचं नाव ऐकायचं, एवढीच त्याची आस होती.

म्हणून त्याने रविनाची चाकं सरळ केली, चेनला तेल दिलं, ब्रेक सैल केले. दुसऱ्याच दिवशी ती परत आली.

"काका, ब्रेक घट्ट करून द्या. बोट लावलं की धरला पाहिजे."

"असं भिऊन नंबर येतो का?"

"येतो."

"मग सकाळी रस्त्यावरून तरी जात जा. त्या म्हातारीच्या मागं गोगलगाय होशील."

"नको काका. हीच वाट बरी."

ट्रकला भिते, असं त्याला वाटलं. त्याने ब्रेक आवळले आणि तोंडातल्या तोंडात धोंडीबाईचा उद्धार केला.

शर्यतीच्या दिवशी त्याला दुकान सोडता येईना. तालुक्यातल्या सायकली दारात येऊन पडलेल्या. मैदानावरून शिट्टी ऐकू आली, गलका उठला. थोड्या वेळाने दाभोशाचा जीपवाला, सावळा, दुकानापुढे थांबला.

"जाता जाता बघितलं रे, कमलेश. बाकीच्या पोरी केव्हाच पोचल्या, आपली मागं एकटी. शेवटून पहिला दुकानात, शेवटून पहिली मैदानात."

कमलेशने हातातला पाना खाली टाकला. फुटपाथच्या कडेला धोंडीबाई भाजी मांडून बसली होती. तो तडक तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"झालं समाधान? रोज वाट अडवलीत. पोर शेवटी राहिली."

धोंडीबाईने माठाची जुडी खाली ठेवली आणि सावळ्याकडे पाहिलं.

"पाय टेकला का तिनं?"

"मी बघितलं तवर तरी नाय. काहाला विचारतेस?"

धोंडीबाई उठली. ताठ मानेने तिने पाटी उचलली आणि कधी नव्हे ती भिंतीला लागून उभी राहिली.

"आता येऊ दे तिला," ती म्हणाली. "जाऊ दे वाऱ्यासारखी."

तेवढ्यात मैदानावरचा भोंगा खरखरला. "हळू सायकल शर्यत, मुली. पाय न टेकता सगळ्यांत शेवटी पोचून पहिला नंबर, कुमारी रविना मंगळू भोये, दाभोसा."