रोज एक चांगली गोष्ट

प्रशिक्षणाहून आल्या आल्या मी चौथीच्या पोरांना एकेक वही करायला लावली. घरात घडलेली एक चांगली गोष्ट रोज त्यात लिहायची, लहानशी का असेना.

चार दिवसांत बाकीची पोरं कंटाळली. हेमेश्वरी मात्र एक दिवस चुकवायची नाही. 'आज भाजीत मीठ बरोबर होते.' 'आज भात करपला नाही.' 'आज पण मीठ बरोबर होते.' एवढंएवढंसं टिपते पोरगी, याचंच मला कौतुक. खाली मी लाल पेनाने 'छान' लिहायची, वर्गात वाचूनही दाखवायची.

एकदा मी हसत विचारलं, "काऊन वं, मिठाशिवाय दुसरं काही चांगलं दिसत नाही का तुले?"

"दिसते ना मॅडम. पन मीठ बरोबर असलं का बाबा गुपचूप जेवते."

त्या दिवशीही मी 'छान' लिहिलं.

पुढच्या आठवड्यात ती दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि वही माझ्या टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली.


'आईचा हात प्लास्टरमध्ये आहे. आज स्वयंपाक मी केला. मीठ बरोबर होते.'