मंजुरीच्या प्रतीक्षेत

“बाबा, तो कट्टा बंद करा आणि ब्लॉग काढा. तुमचं डोकं शांत राहील,” मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

डोकं शांत होण्याची गरज होतीच. बाबा म्हणजे निवृत्त प्रूफरीडर. दुसऱ्यांच्या मजकुरातले जादा शब्द खोडण्यात त्यांचा जन्म गेला. बायको गेल्यावर ते एका माणसापुरता स्वयंपाक करायला शिकले, आणि आपल्यासारख्या एकट्या जिवांसाठी त्यांनी इंटरनेटवर एक कट्टा उघडला. पण कट्टाच तो! कुणीही यावं, कुठलाही विषय काढावा. उरलेल्या भाताचं काय करायचं, या साध्या प्रश्नावरून लोक एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचायचे. ती भांडणं मिटवता मिटवता बाबांचा चहा गार व्हायचा.

त्यातही एकजण अगदी डोक्यात जायचा. रोज पहाटे तो एकच शब्द लिहायचा, ‘हजर’. ना पाककृती, ना प्रश्न, ना शेंडा ना बुडखा. बाबांनी त्याचं नाव हजेरी ठेवलं होतं. सकाळी उठायचं, चष्मा पुसायचा आणि आधी तो शब्द खोडायचा, हा त्यांचा शिरस्ताच झाला. एकदा त्यांनी त्याला नियम कळवला, ‘निरर्थक मजकूर लिहू नये.’ उत्तर आलं, ‘बरं.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘हजर’.

“ब्लॉगवर काय वेगळं होणार आहे?” बाबांनी विचारलं.

“कट्टा सगळ्यांचा असतो, ब्लॉग तुमच्या एकट्याचा. वर तुम्ही लिहायचं, बाकीच्यांनी खाली. तेही तुम्ही मंजूर केलंत तरच छापलं जाणार. तोवर ज्याचं त्यालाच दिसणार, ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’. आणि तुम्ही खोडलंत की त्याच्याकडूनही गायब.”

“म्हणजे आधी माझी लाल शाई, मग छपाई?”

“अगदी तसंच!”

बाबांची कळी खुलली. कट्ट्याला कुलूप लागलं, ब्लॉग सुरू झाला. मुलीच्या आग्रहाखातर त्यांनी वर स्वतःचा फोटोही टाकला, इमारतीच्या पाटीशेजारी ताठ उभं राहून काढलेला. पाटीवर पत्ता स्वच्छ वाचता येत होता. त्यात शुद्धलेखनाची चूक नाही, हे त्यांनी दोनदा तपासलं होतं.

मग काय, शांतताच शांतता. भातावरून हमरीतुमरीवर येणारे आता ‘छान’, ‘वा’, ‘करून बघतो’ असं शहाण्यासारखं लिहू लागले. बाबांना कधीकधी चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं, पण लेकीला तसं सांगायचं म्हणजे हार मानणं. हजेरी मात्र इथेही आला. पहिल्याच पहाटे रांगेत सगळ्यांत पुढे ‘हजर’.

“हा काही माझा पिच्छा सोडत नाही,” बाबा पुटपुटले आणि त्यांनी तो शब्द खोडला. रोज खोडत राहिले.

एका सकाळी चष्मा लावायच्या आधीच त्यांना चहाची तल्लफ आली. साखरेचा डबा वरच्या फळीवर. बाबा स्टुलावर चढले, स्टूल कलंडलं, आणि डब्यासकट ते फरशीवर आले. पाय घोट्यात असा मुरगळला की उभं राहणं सोडाच, सरकताही येईना. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. त्यांनी हाका मारल्या. पण शेजारच्या वहिनी कामावर गेलेल्या, आणि वरच्या मजल्यावर कुणी राहतच नव्हतं.

दुपार उलटली. साखरेला मुंग्या लागल्या. मुलीचा फोन रविवारी यायचा, आणि रविवार अजून लांब होता. बाबांना आता खरोखरच भीती वाटू लागली.

आज कट्टा असता तर, त्यांच्या मनात आलं, एव्हाना गोंधळ माजला असता. मालक कुठे उलथले, म्हणून एकाने विचारलं असतं, दुसऱ्याने त्याला झापलं असतं, आणि तिसऱ्याने भांडता भांडता का होईना, चौकशी केली असती. ब्लॉगवर मात्र सगळे मुकाट रांगेत बसले असणार. म्हातारा आज उशिरा उठला, असं प्रत्येकजण समजणार. एकाचं दुसऱ्याला दिसतच नाही, तर शंका तरी कुणाला येणार? ही शांतता आपणच हौसेने मांडून घेतली, या विचाराने त्यांना रडू आलं.

संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. बाबा होता-नव्हता तेवढा जोर लावून ओरडले. बाहेर धावपळ झाली, नुकत्याच परतलेल्या वहिनींचा आवाज आला, त्यांच्याकडची जादा किल्ली कुलपात फिरली. वहिनींच्या मागून बसचालकाच्या गणवेशातला एक दांडगा माणूस आत शिरला. त्याने बाबांना उचलून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं आणि घोट्याला ओला रुमाल बांधला. वहिनी डॉक्टरांना फोन लावायला गॅलरीत गेल्या.

“तुम्ही कोण?” बाबांनी विचारलं.

तो लाजला. “तुमच्या फोटोतल्या पाटीवरून पत्ता काढला, काका. मी तो... हजर.”

बाबा बघतच राहिले. एवढा मोठा देह आणि एवढासा शब्द.

“पण मी पडलोय हे तुम्हाला कसं कळलं? ब्लॉगवर तर कुणालाच काही दिसत नाही!”

“मी पण एकटाच राहतो ना, काका. रोज गाडी काढायच्या आधी ‘हजर’ लिहितो आणि पहिल्या फेरीनंतर चहा घेताना बघतो. तुम्ही खोडलेलं असतं. म्हणजे काका उठले, काम चालू.” त्याने खिशातून फोन काढून त्यांच्यासमोर धरला. “आज गाडी डेपोत लावली, तरी ते तसंच होतं.”