वरच्या खडकामागची मेंढी

इंग्लंडच्या कंब्रियातल्या आमच्या खोऱ्यात लाळ्या-खुरकतीची साथ पोचली. शेजारच्या कळपाला लागण झाली, म्हणून म्हाताऱ्या मेंढपाळ आयझॅकच्या निरोगी मेंढ्याही मारायचा हुकूम निघाला. इथल्या डोंगराला कुंपण नाही. आपली हद्द कुठवर, हे जुनी मेंढीच कोकरांना शिकवते. म्हणून आयझॅकनं सगळा कळप खाली आणला, पण एक जाणती मेंढी आणि तिचं कोकरू वरच्या खडकामागे ठेवलं.

"उद्या नवा कळप आणला, तर त्याला शिकवायला कुणीतरी नको का, मास्तर?" तो माझ्या कानाशी पुटपुटला. मी नुसती मान हलवली.

दुपारी गोळ्यांचे आवाज थांबले. गुरांच्या सरकारी डॉक्टरीणबाईंनी हातमोजे धुऊन उतरवले.

"सगळ्या आल्या ना, काका?"

"सगळ्या," आयझॅक म्हणाला. "एखादी गोळी उरली असेल, तर मी आहेच."

बाई कसनुशा हसल्या आणि गाडीकडे वळल्या.


तेवढ्यात कळपाला शोधत ती मेंढी कोकराला घेऊन आपणहून फाटकात येऊन उभी राहिली, आणि बाईंनी ओले हातमोजे पुन्हा चढवले.