करवतीचं कुलूप

व्हर्जिलला घर सोडून जायचं होतं तर खुशाल जावं, पण जाताना करवतीचं कुलूप तेवढं काढायला त्याचे हात मोडले होते का, हे थेल्मा येईल-जाईल त्याला ऐकवायची.

विजेची ती करवत मागच्या शेडमध्ये होती. प्लगच्या दोन चपट्या पितळी पात्यांना टोकाशी गोल भोकं, आणि एका भोकात व्हर्जिलने दुरुस्तीच्या वेळी घातलेलं लाल कुलूप. ते असेतो प्लग भिंतीत शिरत नसे.

ही भोकं मुळात कशाला, यावर ओहायोतल्या त्या गावात एकमत नव्हतं. दुकानदार म्हणे, सॉकेटमध्ये पकड बसावी म्हणून. पण गाव कागदगिरणीचं. गिरणीत यंत्र दुरुस्त करणारा आधी आपलं कुलूप घालतो, मगच आत हात घालतो. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. दुसऱ्याने काढलं तर आतला माणूस जिवाला मुकतो. त्यामुळे गावाच्या लेखी भोक म्हणजे कुलपाची जागा.

थेल्माही त्याच गिरणीत राबली होती. मुलगी डोरीन कुलूप कापायची कात्री घेऊन आली, तेव्हा तिला दारातूनच परत धाडलं. शेजारचा विधुर हार्लन सुतारकाम करायचा. त्याने आधी करवत मागितली, पुढच्या वर्षी लग्नाचं विचारलं. दोन्ही वेळा तिचं उत्तर एकच, की दुसऱ्याचं कुलूप आहे.

गाव हळहळलं. एवढं होऊनही बाई नवऱ्याची वाट बघतेय.

आणि व्हर्जिल आला. केस पिकलेले, हातात एक बॅग. थेल्माने बॅग पायरीवरच ठेवायला सांगितली, कॉफी दिली. जिच्यासाठी घर सोडलं ती बाई वारली, आता आपल्याला कुणी नाही, असं तो बराच वेळ सांगत राहिला.

"डोरीन म्हणाली, माझ्या कुलपाला तू कुणाला हात लावू दिला नाहीस," तो म्हणाला.

"नाही दिला."

व्हर्जिलचे डोळे भरून आले. दोघं शेडमध्ये गेली. त्याने किल्ली फिरवली, कुलूप खिशात टाकलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

थेल्माने तो हात अलगद खाली केला. प्लग ॲप्रनने पुसला, भिंतीत खोचला. करवत गरगरली. तिने ती बंद केली आणि कुंपणापलीकडे बघत म्हणाली, "हार्लन किती दिवस थांबलाय. तुझं कुलूप निघालं, व्हर्जिल, तुझी पाळी संपली. आता तू निघ."